धापेची रोजनिशी

फुप्फुसांचा जुनाट विकार एका रात्रीत बळावत नाही. तो माणसाला सवय लावत लावत वाढतो. मागील वर्षी शेतापर्यंत न थांबता जाणारे आजोबा यंदा वाटेतल्या बाभळीखाली घटकाभर टेकतात आणि पुढल्या वर्षी शेताकडे जाणेच सोडून देतात. विचारले तर म्हणतात, ‘वय झालं आता.’ धापेला वयाचे नाव मिळाले, की तिची दखल घेण्याचे कारणच उरत नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ असे विचारल्यावर मिळणारे ‘बरं आहे’ हे उत्तर खोटे नसले, तरी ते पुरेसेही नसते. रुग्ण आजच्या दिवसाची तुलना कालच्या दिवसाशी करतो, आणि कालचा दिवसही आजारपणाचाच असतो.

या सवयीवर एक साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. रोज दोन मिनिटे काढून लक्षणांची नोंद ठेवावी. ही नोंद आजार बरा करीत नाही. परंतु तो उचल खाऊ लागला की एक-दोन दिवस आधी सांगते. दवाखाना दूर असलेल्या घरात या एक-दोन दिवसांचे मोल फार मोठे असते.

दम्यासारखा, परंतु दमा नव्हे

ज्याला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात, त्याला आपल्याकडे सरसकट दमाच म्हटले जाते. दोहोंत फरक आहे. दमा बहुधा लहान वयात सुरू होतो, येतो-जातो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये श्वास पुष्कळदा पूर्ववत असतो. सीओपीडी हा साधारणतः चाळिशीनंतर जाणवू लागतो. वर्षानुवर्षे धूर आत गेल्याने श्वासनलिका आतून सुजतात, कफ साचतो, नलिका अरुंद होतात आणि फुप्फुसांतील हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. म्हणून छाती भरलेली असूनही माणूस हवेसाठी तळमळतो. झालेली झीज भरून येत नाही. औषधांनी त्रास कमी होतो, झटके कमी होतात. परंतु धूर थांबला नाही तर झीज चालूच राहते. निदान नक्की करायचे तर ‘स्पायरोमेट्री’ ही नळीत जोराने फुंकण्याची चाचणी करावी लागते. केवळ छातीच्या एक्स-रेवरून ते ठरत नाही.

हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, हाही एक समज आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा होता. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या भारतविषयक अभ्यासानुसार देशातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मधील २ कोटी ८१ लाखांवरून २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली. या आजाराने हिरावलेल्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.७ टक्के, वर्षांची जबाबदारी हवेच्या प्रदूषणाकडे जाते, तंबाखूकडे २५.४ टक्के. घरातला धूरही या प्रदूषणातच मोजलेला आहे. आयुष्यभर पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर भाकरी थापलेल्या आजीने एकही विडी ओढलेली नसते. तरी तिच्या फुप्फुसांनी धूर सोसलेलाच असतो.

हंगाम आणि मागे राहिलेले घर

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि त्याच्या आसपासच्या गावांचा विचार करा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. कर्ती माणसे कोयता घेऊन गेली, की अनेक घरांत म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे एवढीच उरतात. नेमक्या याच महिन्यांत पहाटेची थंडी पडते, सर्दी-पडशाची साथ फिरते, वेचलेला कापूस घरात येतो आणि पुढे तुरीची-ज्वारीची मळणी सुरू होऊन धूळ उडते. फुप्फुसांना सर्वांत जड जाणारा काळ आणि घरात सोबत नसण्याचा काळ असे एकत्र येतात.

तोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल या भागात सर्वांना ठाऊक आहे. आजाराचीही एक उचल असते आणि तीही फेडावी लागते. धाप, खोकला आणि कफ एकाएकी नेहमीपेक्षा वाढून काही दिवस तसेच राहतात, त्याला डॉक्टर तीव्र झटका म्हणतात. झटका ओसरला, तरी गेलेली ताकद दरवेळी पूर्ण परत येत नाही. लंडनमधील रुग्णांच्या रोजच्या नोंदींवरून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सुमारे एकचतुर्थांश झटक्यांत पाच आठवडे उलटूनही श्वासाचा जोर पूर्वपदावर आलेला नव्हता. वर्षातून असे दोन-तीन झटके येणाऱ्या रुग्णाची घसरण इतरांहून वेगाने होते.

याच लंडनच्या अभ्यासकांनी आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवून दिल्या. पहिली : १९९८ च्या त्यांच्या अहवालानुसार रोजनिशीत दिसणाऱ्या झटक्यांपैकी जवळपास निम्मे झटके रुग्णांनी डॉक्टरांना कळवलेच नव्हते. शहरात, दवाखान्याजवळ राहणाऱ्यांची ही गत होती. दुसरी : २००४ च्या अभ्यासात लक्षणे वाढल्यापासून उपचार जितके लवकर सुरू झाले, तितके रुग्ण लवकर सावरले, उपचाराला एक दिवस उशीर झाला, की सावरण्याचा काळ सरासरी सुमारे दहा तासांनी लांबला. ‘उद्या बघू’ या दोन शब्दांची ही किंमत आहे.

रोजनिशीत काय लिहावे

रोजनिशीसाठी वेगळी वही लागतेच असे नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखेची चौकट पुरते. मात्र सुरुवात बरे असताना करावी. आजार बळावल्यावर वही उघडली, तर तुलना कशाशी करणार? पहिले दोन आठवडे फक्त आपला ‘नेहमीचा दिवस’ कसा असतो ते टिपावे. कारण या आजारात काहींना रोजच खोकला असतो, रोजच थोडा कफ पडतो. त्यांच्यासाठी धोक्याची खूण म्हणजे खोकला असणे नव्हे, तर तो नेहमीपेक्षा वाढणे.

रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळची कामे आटोपल्यावर, स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न धापेचा. ‘दम लागतो का?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. एक ठरलेले काम निवडावे : घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जाणे, अंगण झाडणे, पाण्याची घागर आत आणणे किंवा केवळ अंघोळ करून कपडे घालणे. त्या कामात आज किती वेळा थांबावे लागले, एवढेच लिहावे. थांबे मोजता येतात. त्रास मोजता येत नाही.

दुसरा प्रश्न खोकल्याचा. नेहमीइतका आहे, की रात्री ढास लागून उठून बसावे लागले?

तिसरा प्रश्न कफाचा. बेडका किती पडतो आणि त्याचा रंग कोणता, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पांढरा कफ पिवळा किंवा हिरवट होणे ही महत्त्वाची खूण आहे. कफाविषयी बोलण्याचा संकोच करू नये. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ समजते.

चौथा प्रश्न झोपेचा. आडवे पडून झोप लागली, की उशांची चवड करून किंवा भिंतीला टेकून रात्र काढली?

पाचवा प्रश्न औषधाचा. तातडीच्या आरामासाठी दिलेला पंप आज किती वेळा घ्यावा लागला? रोजचा ठरलेला पंप वेगळा आणि गरजेचा पंप वेगळा. गरजेच्या पंपाची संख्या वाढत गेली, तर आजार हातातून निसटू लागला आहे असे समजावे. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने पुष्कळ जण रोजचा पंप टाळतात; वस्तुतः त्याचे व्यसन लागत नाही. औषधाची थोडी मात्रा थेट फुप्फुसांत पोहोचवण्याचा तो मार्ग आहे. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ म्हाताऱ्या हातांना साधत नसेल, तर डॉक्टरांना सांगून ‘स्पेसर’ घ्यावा आणि आपण पंप कसा घेतो हे त्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे.

या पाचांशिवाय त्या दिवशी काही वेगळे घडले असेल, तर एक-दोन शब्दांत तेही टिपावे : पाणी तापवायला चूल पेटवली, शेजारी मळणी होती, कापूस भरला, घरात कोणाला पडसे होते. महिनाभराने वही चाळली, की कारण आणि त्रास यांची जोडी आपोआप दिसू लागते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तरी टाकी पुरवून वापरण्यासाठी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. ते पाणी तापवणाऱ्या आजीच्या वहीत त्या दिवसांपुढे दोन थांबे अधिक दिसले, तर गॅस कोणत्या कामासाठी राखायचा, हे घरातल्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अक्षरओळख नसेल तर

रोजनिशी लिहिण्यासाठी लिहिता यायलाच हवे, असे नाही. नेहमीसारखे असेल तर तारखेखाली एक टिंब, थोडे वाढले असेल तर एक रेघ, बरेच वाढले असेल तर दोन रेघा. धाप, खोकला, कफ, झोप आणि पंप या क्रमाने पाच खुणा झाल्या, की दिवस पूर्ण झाला. कफाचा रंग बदलला असेल, तर त्या खुणेभोवती गोल काढावा. शाळेत जाणारी नातवंडे हे काम आनंदाने करतात. मात्र खुणा काय म्हणतात ते ओळखण्याची जबाबदारी मुलावर टाकू नये. ती घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मोठ्या माणसाने घ्यावी.

आपण तोडीवर किंवा पुण्या-मुंबईला असाल, तर संध्याकाळच्या फोनचा उपयोग करून घ्या. ‘माय, बरी हायस का?’ या प्रश्नाला ‘बरी हाय, तू नको काळजी करू’ याखेरीज दुसरे उत्तर कोणती आई देणार? त्याऐवजी विचारा, ‘आज पारापर्यंत जाताना किती वेळा थांबलीस? रात्री उठून बसलीस का? बेडका कसल्या रंगाचा पडला?’ या प्रश्नांची उत्तरे मायेने झाकता येत नाहीत. पाच खुणा आपल्याकडेही उतरवून घ्या. दिनदर्शिकेच्या त्या पानाचा फोटो डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवला, तर पंधरा मिनिटांच्या विचारपूशीचे काम एका नजरेत होते.

रेघा वाढल्या की

लिहिलेले वाचले नाही, तर वहीचा उपयोग नाही. म्हणून नियम आधीच ठरवून, मोठ्या अक्षरांत दिनदर्शिकेशेजारी चिकटवून ठेवावेत.

एखाद्या दिवशी एकाच खुणेत रेघ आली, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी, धूर-धूळ टाळावी, ठरलेली औषधे न चुकवता घ्यावीत आणि दुसऱ्या सकाळी आवर्जून नोंद करावी.

धाप वाढणे, कफ वाढणे आणि कफाचा रंग पालटणे ही तीन मुख्य लक्षणे. कॅनडातील डॉ. अँथोनिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच तिघांच्या आधारे झटक्याची तीव्रता ठरवण्याची रीत घालून दिली; ती आजही वापरली जाते. यांपैकी एक लक्षण आणि सोबत खोकला, सर्दी, घसादुखी, छातीतील घरघर यांपैकी काही सलग दोन दिवस वाढलेले दिसले, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. तिघांपैकी दोन किंवा तिन्ही लक्षणे एकदम वाढली, तर दोन दिवसही थांबू नये. प्रत्यक्ष जाणे अवघड असेल, तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

आणि पुढील खुणा दिसल्या, तर वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : बसल्या जागी धाप लागून एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे किंवा जागे करूनही गुंगीत राहणे, छातीत जोराने दुखणे, पंप घेऊनही आराम न पडणे. गुंगीला ‘दमला, झोपू द्या’ म्हणून सोडून देऊ नये. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याचे ते लक्षण असू शकते. गाडी येईपर्यंत रुग्णाला पुढे किंचित झुकवून, हात मांडीवर किंवा उशीवर टेकवून बसवावे आणि ओठांचा चंबू करून, शीळ घातल्यासारखा, सावकाश श्वास सोडायला सांगावे.

दोन गोष्टी या वहीच्या कक्षेबाहेरच्या आहेत, त्याही लक्षात असू द्याव्यात. कफातून रक्त पडणे, वजन उतरणे, संध्याकाळी बारीक ताप येणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ नवाच खोकला लागणे, यांपैकी काही असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. पायांवर सूज येऊ लागली, तर हृदयावर ताण पडत असण्याची शक्यता असते. तेही डॉक्टरांना सांगावे.

आकड्यांचा मोह

करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अनेक घरांत आला. तो उपयोगी आहे, परंतु त्याच्या आहारी जाऊ नये. थंडीने गारठलेल्या बोटावर, नखांवर मेंदी किंवा रंग असताना किंवा हात हलत असताना आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा किंचित अधिक दिसू शकतो. पाच मिनिटे शांत बसून, हात ऊबदार करून, दिवसातून एकदा-दोनदा मोजणे पुरे. जुन्या रुग्णाचा नेहमीचा आकडा निरोगी माणसापेक्षा कमी असू शकतो. म्हणून आपला नेहमीचा आकडा कोणता आणि किती खाली आल्यावर कळवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. घरी ऑक्सिजन लावलेला असेल, तर त्याचा प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवू नये. या आजारात ऑक्सिजन देताना सामान्यतः ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवतात. गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजननेही काही रुग्णांना गुंगी येते.

आकडा ठीक असला, परंतु थांबे वाढले असतील, तर थांब्यांवर विश्वास ठेवावा.

वही काय करू शकत नाही

नोंदीचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांच्या लक्षणांवर घरातील यंत्रांद्वारे दूरून देखरेख ठेवून पाहिली गेली; २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा देखरेखीने रुग्णालयात दाखल होण्याची वेळ लांबल्याचे आढळले नाही. अमेरिकेत रुग्णांना शिक्षण आणि स्वतः उपचार सुरू करण्याचा आराखडा देणारा एक प्रयोग, त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने, मध्येच थांबवावा लागला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. याउलट, अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेता, लिखित आराखड्याला शिक्षणाची आणि वैद्यकीय पाठबळाची जोड असेल तेथे रुग्णांचे जगणे सुसह्य होते आणि श्वसनाच्या तक्रारीसाठी रुग्णालयात जाण्याचे प्रसंग घटतात, असे दिसते.

यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. नुसत्या खुणा कोणालाही वाचवत नाहीत. खुणा पाहून उचललेले पाऊल वाचवते, आणि ते पाऊल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पडले पाहिजे. मागच्या वेळची स्टेरॉइडची किंवा प्रतिजैविकाची पट्टी औषधांच्या दुकानातून परत आणून घेणे, हे पाऊल नव्हे. अशा गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडेनासे होते. ‘असे झाले तर अमुक गोळी, तमुक दिवस’ असे डॉक्टरांनी आपल्यासाठी लिहून दिले असेल, तरच ती घ्यावी आणि सुरू केल्याचे त्याच दिवशी त्यांना कळवावे.

म्हणून टोळी निघण्यापूर्वीच्या आठवड्यात चार गोष्टी उरकून घ्याव्यात. माजलगावला, बीडला किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जेथे उपचार चालू असतील तेथे, म्हाताऱ्या माणसांना एकदा दाखवून आणावे आणि इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लसींविषयी विचारावे. पंप मोजून ठेवावेत, म्हणजे पौषात ते अचानक संपणार नाहीत. शेजारचे एक घर ठरवून त्यांना दिनदर्शिकेवरच्या खुणा समजावून द्याव्यात. आणि डॉक्टर, आशाताई, शेजारी, १०८ हे क्रमांक मोठ्या आकड्यांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

त्यानंतर पेन्सिल दोरीने दिनदर्शिकेलाच बांधून टाकावी आणि पहिले टिंब आई-वडिलांकडूनच काढून घ्यावे. आज बरे वाटत असेल, तर नोंद सुरू करायला आजचाच दिवस योग्य. कारण पुढच्या प्रत्येक दिवसाची तुलना याच दिवसाशी व्हायची आहे.